पहिल्या प्रयोगात न घेतलेलं नाव

मी आयुष्यात एकाच नाटकात काम केलं आणि त्या नाटकाचं नाव मला आजही चारचौघांत सांगता येत नाही. विसरले म्हणून नव्हे. चष्मा कुठं ठेवला ते विसरते, पण ते नाटक नांदीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत अजून तोंडपाठ आहे. अडचण वेगळीच आहे. नाटकाला नायकाचंच नाव दिलेलं होतं, आणि नायकाचं नाव नेमकं आमच्या ह्यांचं होतं. आता कळलं असेल. ज्या पोरींना कळलं नसेल त्यांनी आपापल्या आजीला विचारावं.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. माझं माहेर कोरेगावकडचं. साताऱ्याला बोर्डिंगात राहून सातवी पास झाले आणि लग्न होऊन सांगलीला आले. सासरी गावाबाहेर ऊस, गोठ्यात दोन म्हशी आणि घरात आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्यात सासूला तशीच हाक मारतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. महिन्याकाठी एक पत्र यायचं, त्यातल्या निम्म्या ओळींवर सरकारनं काळं फासलेलं. मी वाचून दाखवायची. काळी ओळ आली की मी थांबायची, आणि तिथला मजकूर आत्याबाई स्वतःच भरायच्या. "हितं त्येनं तब्येत बरी हाय म्हणून लिवलं असंल. म्होरं वाच." एकदा अख्खं पान काळं आलं, तर त्यांनी म्हशीची चौकशीसुद्धा त्यात बसवली.

श्रावणापासून पत्र थांबलं.

त्याच सुमाराला आमच्या महिला मंडळानं नाटक काढलं. सांगलीत नाटक काढणं म्हणजे काही विशेष नाही. इथं भाजीवालीसुद्धा वांगी तोलता तोलता सांगते, कालच्या खेळात दुसरा अंक पडला म्हणून. पण हे नाटक वेगळं होतं. सगळी कामं बायकांनी करायची, पुरुषांचीसुद्धा. नाटक लिहिलं होतं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी. त्या डॉक्टरांच्या पत्नी, म्हणून सगळ्या त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांचं म्हणणं, "आजवर पुरुषांनी बायकांची सोंगं घेऊन टाळ्या मिळवल्या. आता आपण मिशा लावू." गावातला असला पहिलाच प्रयोग, म्हणून आम्ही सगळ्या जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

कथानक ऐका. नायक कृष्णेच्या पुरात वाहून जातो, जिवंत सापडतो, पण स्मृती गेलेली. आईला ओळखत नाही, बायकोला ओळखत नाही. वैद्य होतात, मांत्रिक होतात, काही उपयोग नाही. शेवटच्या अंकात त्याची शिकलेली बायको लाजलज्जा सोडून त्याला सरळ नावानं हाक मारते आणि त्याला सगळं आठवतं. पडदा. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायला भिऊ नये, हा नाटकाचा बोध.

मला आधी पडद्यामागनं वाक्यं सांगायचं काम दिलं होतं. ते सोयीचं होतं. नायकाचं नाव आलं की मी विंगेतनं हळूच म्हणायची, "आता त्यांचं नाव घे," आणि नायिकेचं काम करणारी ते घ्यायची. पण प्रयोगाला पंधरा दिवस राहिले आणि त्या बाईला दिवस गेल्यानं ओकाऱ्या सुरू झाल्या. सगळं नाटक पाठ असलेली बाई गावात दुसरी कोण? मीच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातलं मोठं विघ्न मीच ठरले.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "काम करते, पण नायकाचं नाव बदला."

त्या म्हणाल्या, "अगं, नाटकाचंच नाव आहे ते. हस्तपत्रकं छापून झालीत. लढाईमुळं कागद मिळत नाही, पुन्हा छापू कशावर? शिवाय तीन पदांची यमकं त्या नावावर आहेत." मग आवाज चढवून म्हणाल्या, "आणि हाच तर नाटकाचा बोध आहे. तू शिकलेली ना?"

"तुम्ही घेता का डॉक्टरांचं नाव?"

"माझी गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव उच्चारायला अवघड आहे."

मी घरी येऊन आत्याबाईंना विचारलं. त्या शेणी थापत होत्या. नाटकाला त्यांची आडकाठी नव्हती. स्वतः तरुणपणी घोंगडं पांघरून नाटकं बघितलेली बाई ती. पण नावाचं ऐकल्यावर त्यांचा हात थांबला.

"काम कर," त्या म्हणाल्या. "पर त्येचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई. बायकूनं घेतलं की आयुष्य उणं हुतंय. पोरगं लढाईवर हाय. त्येच्या आयुष्यातला येक दीस बी कमी करायची सवड न्हाई आपल्याला."

मी सातवी पास होते. असलं काही खरं नसतं हे मला ठाऊक होतं. पण चार महिने पत्र नाही, तेव्हा ठाऊक असलेलं काही उपयोगाला येत नाही. मीसुद्धा भ्यायलेच होते. ते नाव तोंडात आलं की जिभेखाली दाबून ठेवायची.

आमचे तालीममास्तर म्हणजे एक नमुना. ऐन उमेदीत त्यांनी एका नाटक मंडळीत वीस वर्षं नायिकेची कामं केली होती. आता साठी आलेली, पुढचे दोन दात पडलेले, आणि मिशा भरघोस. इतकी वर्षं ठेवता आल्या नाहीत म्हणून आता हौसेनं वाढवलेल्या. आम्ही जन्मल्यापासून लुगड्यांत वावरलेल्या बायका, पण मास्तर आम्हाला पदर घ्यायला शिकवायचे. "हा काय पदर? घाम पुसायला घेतल्यासारखा. मी पदर घेतला की पिटातनं उसासे यायचे." एक दिवस फार वैतागले आणि म्हणाले, "इतक्या बायका जमल्या आहेत, पण एकीला बाईसारखं चालता येईल तर शपथ." मग स्वतः चालून दाखवलं. खरंच सांगते, आमच्यातल्या एकीलाही तसं जमलं नसतं.

नायकाचं काम करायला घेतली होती आमच्या शेजारच्या पैलवानाची बायको. साडेपाच फुटांच्या वर उंच आणि आवाज कुस्तीच्या तालमीतला. तिनं नवऱ्याचा फेटा आणला, कोट आणला, आणि मिशी लावली की तिचा स्वतःचा पोरगा रडायला लागायचा.

नावावर तोड काढायला मास्तरांनी जिवाचं रान केलं. आधी म्हणाले, "नाथ म्हण. मी आयुष्यभर तेच म्हणत आलो." म्हणून पाहिलं. पण नाथ कुणीही असतो, त्यानं कुणाला काय आठवणार? पैलवानीण म्हणाली, "मला तर न्हाई आली आठवण." मग मला सुचलं, उखाण्यात नाव घ्यायला काय हरकत आहे? हळदीकुंकवाला घेतोच की सगळ्या. मी बसून जोडला:

"कृष्णेच्या काठाला वांग्यांचा मळा,
अमुकराव, आठवण येऊ द्या, दाटून आला गळा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गंभीर प्रसंगात वांगी?" आणि घरी आत्याबाई म्हणाल्या, "उखाना घ्यायचा तो देवाम्होरं, हळदीकुंकवाच्या ताटाम्होरं. पैलवानाच्या बायकूकडं बघून माझ्या ल्योकाचं नाव घेशील? ती मिशी लावल्याली?" मी उखाणा सोडून दिला.

शेवटी तोड निघाली ती अशी. त्या जागी मी नायकाकडं तोंड आणि प्रेक्षकांकडं पाठ करून दोन्ही हात पसरायचे, आणि मास्तरांनी विंगेतनं बायकी आवाजात नाव पुकारायचं. एके काळी त्यांच्या आवाजावर म्हणे लोक जीव टाकत. पण मध्ये तंबाखूची तीस वर्षं गेली होती. तालमीत त्यांनी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा पैलवानीण दचकून म्हणाली, "मास्तर, अशा हाकंनं असल्याली आठवण बी जाईल." हसून हसून आमची पोटं दुखली. पण दुसरा मार्ग नव्हता. रोज मध आणि आल्याचा रस घेऊन मास्तरांनी आवाज बऱ्यापैकी उजळला, आणि मी निर्धास्त झाले.

मार्गशीर्षात प्रयोग ठरला. दुपारी तीनला, कारण संध्याकाळी सगळ्यांना चुली पेटवायच्या होत्या. प्रेक्षक सगळ्या बायका. मास्तर आणि पेटीवाले सोडून पुरुषाला मज्जाव. पेटीवाल्यांना तर प्रेक्षकांकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. अडीचलाच थिएटर फुल्ल. बायका पोरांना, सुपाऱ्या, निवडायची मेथीसुद्धा घेऊन आलेल्या. आत्याबाई पहिल्या रांगेत मधोमध, डोईवरून पदर, हात मांडीवर. नाटक बघायला आल्यात का पहाऱ्याला, तेच कळेना.

पहिला अंक चांगला गेला. दुसऱ्या अंकात पूर दाखवायला निळी लुगडी हलवली, त्यातलं एक ओळखून मागनं एक म्हातारी म्हणाली, "ते माझं हाय, जपून." मांत्रिकाला टाळ्या पडल्या. आणि तिसऱ्या अंकात मला काय झालं कोण जाणे. मी स्मृती गेलेल्या नवऱ्याला सांगत होते, मला ओळखा हो, मी तुमची वाट बघून थकले. वाक्यं डॉक्टरीणबाईंची होती, पण बोलत मीच होते. श्रावणापासून मी कुणाजवळ रडले नव्हते. आत्याबाईंसमोर रडायची सोय नव्हती आणि त्यांना माझ्यासमोर नव्हती. तिथं हजार बायकांसमोर मात्र ते सगळं बाहेर आलं. मेथी निवडणारे हात थांबले.

मग ती जागा आली. मी पाठ फिरवली, हात पसरले आणि थांबले.

विंगेतनं हाक येईना. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातनं पाहिलं, तर मास्तर उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होते. वीस वर्षं दुसऱ्यांना रडवलेला माणूस, त्या दिवशी स्वतःच रडायला लागला आणि हाक विसरला. मी पाय आपटला, तरी त्यांचं लक्ष नाही.

 पैलवानीण माझ्यासमोर स्मृती गेलेल्या डोळ्यांनी उभी. ओठ न हलवता पुटपुटली, "घे की गं. मिशी सुटाय लागलीया." खरंच एक बाजू लोंबत होती. तेवढ्यात मागच्या रांगांमधनं कुजबूज सुरू झाली. सगळ्यांना ठाऊक होतं नायकाचं नाव काय आणि माझ्या नवऱ्याचं काय. कुणीतरी म्हणालं, "घे गं पोरी." दुसरी म्हणाली, "न्हाई न्हाई, घिऊ नगंस, लढाईवर हाय त्यो." तिथंच दोन तट पडले. मी तोंड उघडलं. ते नाव अगदी ओठांवर होतं. आणि मला हे आघाडीवर चिखलात पडलेले दिसले, आणि मी तोंड मिटलं. बोध गेला, नाटक गेलं, डॉक्टरीणबाई गेल्या. मला नाही जमलं.

तेव्हा पहिल्या रांगेत आत्याबाई उठल्या.

त्यांनी नाव घेतलं. आईला कसली बंदी? पण नाटकातल्यासारखं नव्हे. संध्याकाळी परड्याच्या दारात उभं राहून शिवारातनं पोराला बोलवावं तशी शेवटचं अक्षर लांबवत हाक मारली. आणि वर म्हणाल्या, "आरं ये की रं आता घरला. जेवाय वाढलंय."

चार महिन्यांत त्यांनी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं. त्यासुद्धा जिभेखालीच दाबून बसल्या होत्या.

नायकानं आता "प्रिये, ओळखलं" असं म्हणून माझा हात धरायचा होता. पण पैलवानीण माझ्या डोक्यावरनं थेट आत्याबाईंकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी, अर्धी मिशी गळ्यात, आणि तालमीतल्या आवाजात ती म्हणाली, "आलो गं आई."

पडदा कुणी पाडला मला आठवत नाही. एवढं आठवतं की बायका खुर्च्यांवरनं उठून एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि पेटीवाले भिंतीकडं तोंड करून विचारत होते, "झालं काय? कुणी सांगेल का?" डॉक्टरीणबाई आधी फणफणल्या. बायकोनं नाव घ्यायचं नाटक, आणि घेतलं कुणी, तर सासूनं. पण लोकांची वाहवा सुरू झाल्यावर म्हणाल्या, शेवट मी तसाच योजला होता.

आम्ही दोघी घरी आलो. मी भाकऱ्या थापल्या. आत्याबाईंनी तीन ताटं घेतली. एक परत ठेवताना मी बघितलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मलेरियानं आसामातल्या इस्पितळात होते, आता बरे. आत्याबाईंनी सगळ्या आळीला सांगितलं, "मी हाक मारली, त्येनं आयकली." पत्रावरची तारीख प्रयोगाच्या आधीची होती. ती ओळ मी वाचली नाही. सरकार इतक्या ओळींवर काळं फासतं, मी एक झाकली.

फाल्गुनात साताऱ्याच्या बायकांनी प्रयोग मागितला, तेव्हा खरी गंमत झाली. हाकेशिवाय नायकाला आठवण येणार कशी? म्हणून आत्याबाईंना न्यावं लागलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. मिशांच्या डब्यासकट आम्ही अर्धा रस्ता चालतच गेलो. आत्याबाई मात्र उतरल्या नाहीत. म्हणाल्या, माझा आवाज बसंल. साताऱ्यात त्यांनी पहिल्या रांगेतनं जी हाक मारली, ती मारून थांबेनात. पत्र मिळालं, म्हस व्याली, गोळ्या येळच्या येळी घेत जा, असं सगळं सांगून झाल्यावर खाली बसल्या. पैलवानीण तोवर "आलो गं आई" चार वेळा म्हणाली होती. सातारकर बायकांना वाटलं, नाटकातच आहे.

लढाई संपल्यावर हे परत आले. मी सगळी हकिगत सांगितली. हे हसले आणि म्हणाले, "मग आता घे की एकदा. लढाई संपलीया." मी म्हटलं, बघू. पुढं पन्नासावर वर्षं संसार केला आणि ते तेवढी वर्षं मला चिडवत राहिले. मी "अहो" म्हणायची, ते मुद्दाम ओ द्यायचे नाहीत. आत्याबाई जाईपर्यंत ह्यांना नावानं हाक मारणारं माणूस घरात होतं. त्यांच्यानंतर कुणी उरलं नाही. गावात सगळे सुभेदार म्हणायचे.

ऐंशी उलटल्यावर ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग नातवंडं. शेवटी मला "बाई" म्हणायला लागले, परक्या बाईला म्हणावं तसं, अगदी अदबीनं. त्याचं फार लागलं मला, खोटं कशाला बोलू? डॉक्टर आले, गोळ्या झाल्या. एका नातेवाइकानं अंगारासुद्धा आणला, आणि मला आमचा मांत्रिक आठवून हसू आलं.

एका दुपारी हे ओसरीवर बसले होते. जेवायला उठेनात. अहो म्हटलं, ऐकलं का म्हटलं. ओळखच नाही. मग मी विचार केला, ऐंशी उलटलेल्या माणसाचं आयुष्य उणं होऊन होऊन किती होणार? मी दारात उभी राहिले आणि नाव घेतलं. उखाण्यातलं नव्हे, मागं राव लावलेलं नव्हे. शेवटचं अक्षर लांबवून, आत्याबाई मारायच्या तशी हाक मारली.

त्यांनी मान वर केली. चेहरा एकदम उजळला. काठी शोधायला लागले.

"आलो गं आई," म्हणाले.

नाटकातल्यासारखी मीही क्षणभर हात पसरून उभी राहिले, पुढचं वाक्य मला कुणी सांगेना. मग म्हटलं, "या. जेवायला वाढलंय."